तिकीट बंगळूरहून काढलंय

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

सिडनीला पोचल्यावर फोनवर नीट बोलणं झालंच नाही. बाबा सारखे "मध्ये विमान बदललंस ते विमानतळ कसं वाटलं, ते सांग की" म्हणत होते आणि मला बसल्या जागी पेंग येत होती. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते. तुमचं सिडनीचं तिकीट त्या विमानतळावरून न काढता मी परस्पर बंगळूरहून का काढलं, तेही त्यातच येईल. आधी रागावू नका, पूर्ण वाचा.

बाबा, तुम्ही पाठवलेला तो व्हिडिओ खोटा नाही. बाग आहे, कारंजी आहेत, मऊ गालिचे आहेत, पाय चेपून देणाऱ्या खुर्च्याही आहेत. संडास तर आपल्या घरच्यापेक्षा स्वच्छ (आई, बोलले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस). प्रवाशांची मतं घेऊन जगातल्या विमानतळांचे नंबर लावतात, त्यात हे कायम वर असतं, तेही खरं असेल. पण व्हिडिओ काढणारं पोरगं पाठीला एक सॅक अडकवून मजेत हिंडत असतं. त्याचे गुडघे दुखत नसतात. त्याला दर दीड तासाला बाथरूमला जायचं नसतं. त्याच्या बायकोचा उपास नसतो.

विमानातून उतरल्यावर आधी पुन्हा तपासणी. मुंबईत झालेली असते, तरी पुन्हा. हातातलं पाणी ओतून टाकायला लावलं. 2006 साली इंग्लंडमध्ये पातळ स्फोटकं विमानात न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरच्या वरचं पातळ काही जवळच्या सामानात चालत नाही. नियम आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की पाणी ओतायला लावल्यावर ते पुढं कुठं मिळेल याची पाटी तरी ठळक लावावी. ती मला बराच वेळ सापडली नाही. अत्तरं, दारू आणि चॉकलेटची दुकानं मात्र चुकवायची म्हटली तरी चुकेनात, कारण रस्ताच दुकानाच्या पोटातून काढलेला, आणि तोही नागमोडी. विमानतळाला दुकानांच्या भाड्यातून भरपूर पैसा मिळतो, म्हणून तपासणीतून सुटलेला माणूस आधी काउंटरपुढं यावा अशीच आखणी असते. त्या चकचकाटात टेकायला एक बाक नाही. चालून चालून मी बसले ती थेट गेटजवळ, तेही प्रत्येक खुर्चीला लोखंडी हात असलेल्या रांगेत, म्हणजे कुणी आडवं व्हायला नको.

आता बाबा, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. तिथं विमानाची घोषणाच करत नाहीत. हल्ली बऱ्याच मोठ्या विमानतळांवर तसंच आहे, आपल्या मुंबईतसुद्धा. शांतता राहावी म्हणून. ज्यानं त्यानं पडद्यावर बघायचं. तुम्ही वाहतूक नियंत्रक असताना एसटी स्टँडवर माइक हातात घेऊन "तुळजापूरमार्गे धाराशिवला जाणारी गाडी फलाट क्रमांक…" असं तीन-तीनदा सांगायचात, तरी एखादी म्हातारी बार्शीच्या गाडीत चढून बसलेली असायची आणि तुम्ही स्वतः जाऊन तिला उतरवायचात. इथं माझं गेट आयत्या वेळी बदललं. कुणी चकार शब्द काढला नाही. समोरची सीट रिकामी का झाली म्हणून मी सहज वर बघितलं, तर पडद्यावर वेगळाच नंबर, आणि ते गेट पार दुसऱ्या टोकाला. सरकता पट्टा बंद. मी पळाले. तुम्ही दोघांनी काय केलं असतं?

खरं सांगायचं तर एवढ्यानंही मी ठरलेलं बदललं नसतं. व्हीलचेअर सांगून ठेवली की झालं, असंच मला वाटत होतं. पण व्हीलचेअरवाल्यांना बसवून ठेवतात त्या कोपऱ्यात एक आजी होत्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, गळ्यात दोरीला प्लॅस्टिकचं पाकीट, त्यात पासपोर्ट आणि बोर्डिंग पास. खुर्ची भिंतीकडं तोंड करून लावलेली. आणून सोडणारा मुलगा दुसऱ्या फेरीला गेला तो गेलाच. आजी मान वळवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायच्या आणि पुन्हा भिंतीकडं. मुलाकडं निघाल्या होत्या म्हणे. त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोलापुरात तेलुगू शेजाऱ्यांच्या साखर पेठेत वाढल्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. "नीळ्ळु कावाला, अम्मा?" एवढंच मला धड येत होतं. पाणी नको होतं त्यांना, बाथरूमला जायचं होतं, आणि कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. मी घेऊन गेले. परत आणून बसवल्यावर काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, तर ती इतकं गोड हसली की भांडायचंही राहून गेलं. त्या हसण्याला पहिला नंबर द्यायला माझी हरकत नाही.

तर बेत असा. बंगळूरहून सिडनीला 2022 पासून थेट विमान आहे. बारा तासांच्या आसपास, मध्ये उतरायचं नाही, दुसरी तपासणी नाही, गेट शोधत पळणं नाही. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसनं दुपारी निघायचं, सकाळी बंगळूर. मावशीकडं दोन दिवस राहा, अंग मोकळं होऊ द्या. स्टेशनपासून विमानतळ पस्तीसेक किलोमीटर आहे, मावसभाऊ सोडायला येणार आहे. आणि आई, अक्कलकोटच्या माहेरचं कन्नड तुला तिथं कामाला येईल; काही अडलं तर समोरच्याला थेट विचारशील. बाबांना बागच बघायची असेल तर बंगळूरचं नवं टर्मिनलही झाडांसाठीच नावाजलेलं आहे, तीही फुकटात बघून होईल.

बाबा म्हणतील, सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावरून आता विमान उडतंय, त्यासाठी 2023 मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, मग त्यातून मुंबईला का जायचं नाही? जाऊ या की, पण नुसतं मुंबईला जायचं असेल तेव्हा. दोन वेगळी तिकिटं काढली की मुंबईत बॅगा घ्या, टर्मिनल बदला, पुन्हा रांगेत उभे राहा. पहिलं विमान लेट झालं तर पुढचं कुणी थांबवून ठेवत नाही.

व्हीलचेअर दोघांसाठीही सांगितलीय. विमान कंपनी त्यात विचारते की जिनेही चढता येत नाहीत, की फक्त लांब चालवत नाही. बाबा, फोन आला तर "आम्हाला कशाला, आम्ही धडधाकट" असलं काही बोलू नका. जिने जमत नाहीत असंच सांगा, नाहीतर बसमधून नेऊन शिडीपाशी उभं करतील.

सामानाचं आई, तू ठरव. शेंगाची चटणी आण, कडक भाकरीही आण, पण सगळं मोठ्या बॅगेत. उतरताना एक कार्ड भरून घेतात, त्यावर खायचं काही आहे का याला "हो" लिहायचं. आहे ते दाखवलं तर बघून सोडतात किंवा फार तर काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर जबर दंड. चादरी दोनच, इथं माझ्याकडं ठेवायला जागा नाही. शेजारच्या काकूंनी दिलेलं काहीही न उघडता बॅगेत टाकू नका.

बाबांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो धूसर आलाय, उजेडात पुन्हा काढून पाठवा. आणि गुडघ्याच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून मागा. चिठ्ठी आली की मला लगेच कळवा.

तुमची,
मनू