वारसा फेरी पाण्याच्या वाटेने न्यावी

मा. संपादक यांस,

महोदय,

पुण्याच्या पेठांतून निघणाऱ्या वारसा फेऱ्यांना शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत सर्व वयांची माणसे येऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या फेऱ्या बहुधा शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, मंडई, तुळशीबाग आणि विश्रामबागवाडा अशा ठरलेल्या वाटेने जातात आणि जुने शहर ज्याच्यावर जगले त्या पाण्याची हकीकत सांगायची राहून जाते. फेरीची आखणी या पाण्याच्या मागोव्याने करावी आणि तिचा शेवट गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यात व्हावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले गेले. कोणत्याही यंत्राविना, केवळ जमिनीच्या उताराचा नेमका अंदाज घेऊन हे पाणी कित्येक किलोमीटर वाहत येई आणि नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातील हवा बाहेर पडण्यासाठीच्या बांधीव वाटा, उभारलेले होते. शनिवारवाड्यातील कमळाकृती हजारी कारंजे पाहताना लोक छायाचित्रे काढतात. तेथे पाणी कुठून येत होते आणि तेच पाणी पेठापेठांतील हौदांपर्यंत कसे पोहोचत होते, हे त्याच जागी सांगितले तर त्या काळच्या कारागिरांचे खरे कौशल्य मुलांना उमगेल.

परंतु हौद भरलेला असला तरी त्यावर प्रत्येकाला हक्क नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता आणि म्हणूनच जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, ही या शहराच्या इतिहासातील कोणत्याही लढाईइतकी मोठी घटना आहे. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौदही याच धाग्यातला. ज्यांच्या नावाने आज घोले रस्ता ओळखला जातो, त्या डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या दिवंगत लेकीच्या, काशीबाईच्या, स्मरणार्थ तो बांधून सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. शेकडो माणसे रोज त्याच्या शेजारून जातात, पण त्यामागे एका बापाचे दुःख आणि धैर्य आहे हे फार थोड्यांना माहीत असते. कारंजे, पेठेतील हौद आणि जोतीरावांचा हौद या क्रमाने चालत गेल्यास पेशवाई आणि सत्यशोधक चळवळ हे दोन वेगळे धडे न राहता एकाच शहराचा सलग इतिहास समोर येतो. मंडईपासून गंज पेठ लांबही नाही. वाट वाकडी करण्याची इच्छा मात्र हवी.

१८४८ साली जेथे मुलींची शाळा भरली, त्या भिडेवाड्याची जुनी इमारत वर्षानुवर्षे मोडकळीस आलेली आपण पाहिली आणि अखेर २०२३ मध्ये स्मारक उभारण्यासाठी ती पाडली गेली. उरलेल्या हौदांवर आणि उच्छ्वासांवर तशी पाळी येण्यापूर्वी महापालिकेने त्यांची नोंद करून प्रत्येक ठिकाणी मराठीत सविस्तर फलक लावावेत आणि मंडई ते फुले वाडा या वाटेवरील पदपथ ज्येष्ठांना व मुलांना निर्धोक चालता येतील इतके मोकळे करावेत. फेऱ्या नेणाऱ्या संस्थांनी त्यासाठी थांबू नये. गंज पेठेपर्यंतची वाट त्यांना येत्या रविवारपासूनही धरता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे