धाकटीचा बेळगावातला दिवस

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

धाकटी दिवसभर एकटी काय खाणार, कुणाशी बोलणार, ही तुमची काळजी फोनवर काही मिटली नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. मी संध्याकाळपर्यंत कामावर असेन, तेव्हा हे पत्र तिलाही वाचायला द्या.

आधी तारखेचं. 1 नोव्हेंबरच्या आसपास नको. त्या दिवशी इथे कन्नड राज्योत्सवाची मिरवणूकही असते आणि मराठी माणसांचा काळा दिवसही. रस्ते अडवलेले असतात, मोठा बंदोबस्त असतो. वातावरण तापलं की सीमेवरून ये-जा करणाऱ्या एसट्याही थांबतात. एरवी मिरजेला गाडी बदलून रेल्वेने यावं. इथल्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही असं तिने ऐकलं असेल. ती शक्ती योजना जून 2023 पासून आहे, पण कर्नाटकात राहणाऱ्यांसाठीच. तिच्या आधार कार्डावर लातूरचा पत्ता आहे, म्हणजे तिकीट काढायचंच. बसवरची पाटी बहुधा कन्नडात असते, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला गावाचं नाव सांगून खात्री करायची.

सकाळी उपीट किंवा इडली, समोर वाफ येत असेल तिथेच. खोबऱ्याची चटणी नऊ-दहापर्यंत ठीक, दुपारी शिल्लक राहिलेली नको, नारळ लवकर आंबतो. मग किल्ला. तो मध्यवर्ती बसस्थानकापासून जवळच आहे. आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची, तिच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून निवांत बघण्यासारखं आहे.

दुपारचं जेवण मात्र खानावळीतच, साडेबारा ते दोनच्या मधे. कन्नडातही त्याला खानावळीच म्हणतात, विचारायला अडचण नाही. खानावळ कशी ओळखायची? भाकरी थापल्याचा आवाज आतून येत असला की बसायचं. ताटात ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दही, कांदा, शेवटी भात-आमटी. कच्ची मेथी आणि मुळाही ठेवतात. ती पानं ओली, मातकट दिसली तर बाजूला सारावीत, पोट बहुतेक वेळा तिथेच बिघडतं. रंजका म्हणजे ओल्या लाल मिरच्या, लसूण, मीठ वाटून केलेला ठेचा. पहिल्यांदा वाटाण्याएवढा घ्यायचा, तोही दह्याबरोबर. जळजळ झालीच तर पाण्याने ती थांबत नाही, दही-भात खावा.

आई, तुला हवी ती कडक रोट्टी ती इथे बघून येईल, पण कृती आताच सांगते. पीठ ताजं दळलेलं हवं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि पीठ जुनं झालं की असतो तोही जातो, मग कडा फाटतात. 2 वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी, मीठ घालून उकळलेलं. पाणी एकदम ओतू नकोस, पीठ पिईल तसं घाल. तळहाताच्या टाचेने 5 मिनिटं रगडायचं. आपल्या भाकरीपेक्षा बरीच पातळ थापायची. तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाणी फिरवायचं आणि ते सुकत येताच उलटायची, उशीर झाला की तडकते. दोन्ही बाजू भाजल्या की आच मंद करून कापडाने दाबत राहायचं, वाफ निघणं पूर्ण थांबेपर्यंत. सगळ्यात जास्त चूक होते ती यानंतर. गरम रोट्ट्या एकावर एक ठेवल्या की आतली वाफ कोंडते, त्या मऊ पडतात आणि चार दिवसांत बुरशी धरते. एकेक उभी टेकवून पूर्ण गार होऊ द्यायची.

भाषेचं एवढंच. खडे बाजार, गणपत गल्ली, शहापूर इथे मराठीवर सगळं भागतं. गोकाक-सौंदत्तीकडून आलेली माणसं कन्नड बोलतील. त्यांच्या बोलण्यातलं ‘री’ म्हणजे आपल्या ‘काय हो’मधलं ‘हो’, ते शब्दाला जोडलं की मान राखला जातो. ‘एष्टु री?’ म्हणजे कितीला, ‘साकु री’ म्हणजे पुरे, ‘नीरु कोडरी’ म्हणजे पाणी द्या. मोठ्या बाईला अक्का, पुरुषाला अण्णा. सीमाप्रश्न तिने होऊन काढू नये. कुणी काढलाच तर ऐकून घ्यावं. इथल्या किती घरांनी 1956 पासून तो सोसला आहे, त्याचा निकाल चहाच्या टपरीवर उभं राहून लावू नये.

बाबा, तुमच्यासाठी कुंदा 100 ग्रॅमच आणायला सांगते, साखरेचं तुम्ही जाणताच. दूध आटवताना किंचित दही घालून फाडतात म्हणून तो रवाळ होतो, आणि मंद आचेवर साखरेसकट परतल्याने तपकिरी. दुधाचा असल्याने प्रवासात फार टिकत नाही, तेव्हा निघायच्या दिवशीच घ्यायचा आणि घरी पोहोचताच फ्रीजमध्ये. गोकाकचा करदंट डिंक, गूळ, सुकं खोबरं आणि सुकामेव्याचा. त्यात दूध नाही, त्यामुळे तो आठवडाभर सहज राहतो. आईसाठी तो जास्त आणू दे.

येताना तिच्याजवळ रुंद, चपटा स्टीलचा डबा द्या. रोट्ट्या पिशवीतून नेल्या तर मिरजेपर्यंत त्यांचा चुरा होतो.

तुमची
मोठी