ठोसेघर मुक्काम: कुत्रे आणणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी ६.३० वाजता साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर जमायचे आहे. तिथून सज्जनगड फाट्यावरून ठोसेघर, आणि दुपारनंतर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे पायी. रविवारी दुपारी परत. कॉटेजवर कुत्र्यांना परवानगी आहे, पण गादीवर नाही. त्यांची सतरंजी घरून आणा.

१. रेबीजच्या लसीचे कार्ड सोबत हवे. कार्ड नसेल तर कुत्रा आणू नये.

२. गोचीड ही पावसाळी गवतातली खरी डोकेदुखी. मानेवर लावायचे औषध गुरुवारपर्यंत लावा; आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको, नाहीतर ते नीट पसरत नाही. चालून आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखाली तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल लावू नका.

३. साधी सहा फुटी दोरी आणा. लांबणारी दोरी झुडपांत अडकते. गुरे दिसली की लांबून वळसा घ्या. गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या, कुत्रा पळून वाचतो.

४. डबक्यातले पाणी पाजू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) धोका असतो.

५. जेवण पिठलं-भाकरीचे. पिठल्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्यांना विषारी. त्यांचे खाणे वेगळे आणा.

६. रात्री कुत्रा ओसरीवर बांधू नका. परिसरात बिबट्या असतो.

कुत्रा आणणाऱ्यांनी बुधवारपर्यंत कळवावे.