‘कुठे उभा होता?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण आभाराचा विषय निघाला की तुम्ही लगेच दुसरं काहीतरी काढता. शिवाय यातलं बरंचसं नुकताच कॅमेरा हातात घेतलेल्या कुणाच्याही उपयोगाचं आहे. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्या वर्षी तुम्ही प्रत्येकाला आवडता फोटोग्राफर विचारला होतात. मी सॉल लायटरचं नाव घेतलं. ओली काच, तिच्यापलीकडे पुसट झालेला माणूस, कुठेतरी लाल छत्री आणि अर्ध्याहून जास्त फ्रेम कशाने तरी झाकलेली. हा का आवडतो ते तुम्ही विचाराल या हिशेबाने मी छानसं उत्तर जुळवून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘हा फोटो काढताना तो कुठे उभा होता?’

मला सांगता येईना. मग तुम्ही छापील फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवलात, पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि एकेक गोष्ट काढायला लावलीत. माणसांची डोकी कोणत्या रेषेत आहेत? त्यावरून कॅमेऱ्याची उंची कळते. सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात? जवळचा माणूस आणि लांबचा माणूस यांच्या आकारात फरक किती? फरक कमी असेल तर फोटोग्राफर दोघांपासूनही बराच लांब आहे आणि त्याने बहुधा लांब लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, लावली आहे. सगळ्यात पुढे जे धूसर दिसतंय ते काय आहे? त्याच्याच आड तो उभा असणार. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की जो फोटो मला धुक्यासारखा, स्वप्नाळू वगैरे वाटत होता, त्यातला रस्ता अगदी लख्ख होता. धुकं फक्त काचेवर होतं, आणि ती काच त्याने मुद्दाम मध्ये घेतली होती. लायटर 1946 मध्ये न्यूयॉर्कला आला तो चित्रकार व्हायला. रस्त्यावरही तो रंगांचे पट्टेच शोधत असे. त्याचं रंगीत काम जगापुढे नीट आलं ते 2006 च्या पुस्तकाने, तो ऐंशीच्या घरात असताना. तोवर ते बहुतेक खोक्यांतच पडून होतं. हे सगळं मी आधीही वाचलं होतं. पण तो काचेच्या कोणत्या बाजूला होता हे मी पेन्सिल फिरवेपर्यंत पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही आम्हाला सरळ नक्कल करायला लावलीत, आणि त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. ‘स्वतःची स्टाइल शोधा’ हा सल्ला मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे शोधण्यासारखं असतंच काय? तुम्ही म्हणालात, अक्षर आधी गिरवायचं, वळण आपोआप पडतं. फक्त एकाचंच गिरवत बसायचं नाही, अशी अट घातलीत. एका महिन्यात एकच फोटोग्राफर, आणि पुढच्या महिन्यातला त्याच्या अगदी उलट स्वभावाचा.

आणि प्रत्येकासाठी एक जोडकाम होतं: आपल्या आवडत्याला कोण आवडायचं ते शोधून काढा.

त्या शोधात आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर माझ्यासाठी माणसात आला. तोवर तो म्हणजे भिंतीवरचा फोटो, हार घालायचा आणि पुढे जायचं. मग त्याच्या आधीच्या मार्टिन मुंकाची या फोटोग्राफरचा तो फोटो पाहिला. 1930 च्या सुमारास काढलेला, टांगानिका सरोवराच्या काठावरचा म्हणून ओळखला जाणारा. तीन मुलं लाटांत धावत शिरताहेत, आपल्याकडे पाठ करून. काळ्या आकृत्या, पांढरा फेस, एकाचा हात वर, एकाचा पाय हवेत. पुढे कार्तिए-ब्रेसाँने सांगितलं की आपल्या मनात ठिणगी पडली ती याच फोटोने. तुम्ही त्याच्याशेजारी 1932 चा सँ-लाझार स्टेशनमागचा फोटो ठेवलात. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, त्याची टाच पाण्याला टेकायच्या बेतात आहे. पाण्यात आडवी पडलेली शिडी. मागच्या भिंतीवर पोस्टर, आणि त्या पोस्टरमध्येही एक नर्तकी झेप घेतेय, माणसाच्या उलट दिशेला. ‘याने मुंकाचीकडून काय घेतलं?’ तुमचा प्रश्न. आमच्यातला कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं उडी. तुम्ही दोन्ही फोटो उलटे धरलेत, डोकं खाली पाय वर. तेव्हा दिसलं की दोन्हीकडे शरीरांमधल्या मोकळ्या जागा तितक्याच नेमक्या आहेत, जितकी शरीरं. सेकंदाच्या एका तुकड्यात आकृत्या अशा सुट्या सुट्या उभ्या राहू शकतात हे त्याने तिथे पाहिलं असणार. सरोवर, मुलं, ऊन यातलं काहीच त्याने उचललं नाही. तो पॅरिसमध्ये कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून बघत होता.

त्या फोटोवरून आपली वादावादी झाली, आठवतं? वर्षभर क्रॉप करायचं नाही, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा नंतर कापायच्या नाहीत, असा तुमचा नियम होता. कार्तिए-ब्रेसाँ स्वतः क्रॉपच्या विरोधात, पण नेमका हाच फोटो त्याला कापावा लागला, कारण एका बाजूला फळी आली होती. मी ते तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही हसून म्हणालात, ‘मग आधी तसा फोटो काढ, मग काप.’ उत्तर चोख होतं, तरी नियम जरा जास्तच कडक होता असं माझं मत अजून आहे.

रॉबर्ट फ्रँकच्या महिन्यात वॉकर इव्हान्स सापडला. इव्हान्सने फ्रँकला नुसती प्रेरणा दिली असं नाही. कलावंतांना काम करायला पैसे देणाऱ्या गुगेनहाइम फेलोशिपच्या अर्जासाठीही त्याला मदत केली. 1955 मध्ये ती मिळाली. त्या जोरावर फ्रँक अमेरिकाभर गाडीने फिरला, सत्तावीस हजारांवर फ्रेम काढल्या आणि पुस्तकात ठेवल्या 83. आता दोघांची कामं शेजारी ठेवा. पेट्रोल पंप, रस्ते, पाट्या, गाड्या, विषय पुष्कळसे तेच. इव्हान्स बऱ्याचदा मोठा कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावून भिंतीसमोर सरळ उभा, प्रत्येक वीट मोजता यावी इतका स्पष्ट. फ्रँकची फ्रेम तिरकी, ग्रेन म्हणजे फिल्मचे दाणे फुटलेली, माणसं अर्धी कापलेली. पुढे 1962 मध्ये जोएल मायरोविट्झ नावाचा एक तरुण आर्ट डायरेक्टर फ्रँकला काम करताना पाहतो. समोरची माणसं हलताहेत आणि फोटो काढणाराही त्यांच्यासोबत हलतोय, एवढंच दिसतं त्याला. तो जाऊन नोकरी सोडतो. आणि सुरुवात कशावर करतो? रंगीत फिल्मवर! फ्रँकच्या त्या पुस्तकात एकही रंगीत फोटो नाही. काही वर्षांनी हाच मायरोविट्झ आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा जडशीळ कॅमेरा घेऊन समुद्रकिनारी उभा राहतो, म्हणजे फिरून इव्हान्सच्या तिकाटण्यापाशी. ही साखळी वाचताना मला फार मोकळं वाटलं. गुरूसारखं न दिसणं हा कृतघ्नपणा नाही, हे मला कुणी समजावलं असतं तर पटलं नसतं. इथे डोळ्यांना दिसलं.

आपले रघुबीर सिंग या फोटोग्राफरच्या बाबतीत तर ते फारच ठसठशीत आहे. कार्तिए-ब्रेसाँचं जयपूरवरचं पुस्तक त्यांनी शाळकरी वयात पाहिलेलं, 1966 मध्ये जयपुरातच त्याला काम करतानाही पाहिलं. त्या काळात गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल असा दंडक होता. यांनी आयुष्यभर रंगातच काम केलं. एकाच फ्रेममध्ये चार-पाच गोष्टी एकदम चालू, मधूनच एखादा खांब किंवा गाडीचं दार आडवं येऊन चित्राचे भाग पाडतंय. हल्ली कोडॅक्रोम या जुन्या रंगीत फिल्मसारखे रंग एका बटणावर, तयार प्रीसेटमधून मिळतात. मीही ते वापरते, त्यात काही वाईट नाही. पण चार-पाच माणसं आपापल्या जागी येईपर्यंत त्या खांबाशी थांबून राहण्याची सोय कुठल्याच प्रीसेटमध्ये नसते. त्या महिन्यात माझे पाय दुखले, डोळे शिणले आणि हाती फारसं काही लागलं नाही. तरी फ्रेमचे भाग कसे पाडायचे ते तिथेच शिकले.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचा महिना मला आधी नको होता, हे तुम्हाला माहीत आहे. बातमीच्या फोटोत शिकायला काय असणार, असं वाटायचं. तुम्ही नेहरूंचा तो विमानतळावरचा फोटो पुढे केलात. पंतप्रधान वाट बघत उभे आणि शेजारी पाटी: छायाचित्रण सक्त मना आहे. ‘कुठे उभ्या होत्या?’ दोन पावलं पुढे गेल्या असत्या तर पाटी सुटली असती, दोन पावलं मागे राहिल्या असत्या तर चेहऱ्यावरचा भाव गेला असता. ज्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, त्या बाई गर्दीत, साडीत, अवजड कॅमेरा सांभाळत ते अंतर बरोबर धरून उभ्या होत्या. विनोद त्यांनी त्या अंतरातच पकडला. तेव्हापासून मी बातमीच्या फोटोंकडे नाक मुरडणं बंद केलं.

मग दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्ही मला वर्षभराच्या सगळ्या नकला घेऊन बोलावलंत. प्रिंटच्या मागे लिहिलेली नावं पट्टीने झाकलीत आणि सगळा गठ्ठा पिसून टेबलावर पसरलात. लायटरसारखे, फ्रँकसारखे, इव्हान्ससारखे, रघुबीर सिंगांसारखे, सगळे एकत्र. म्हणालात, ‘यात जे सगळीकडे आहे ते बाजूला काढ.’

मला आधी काही दिसेना. तुम्ही कपाटाची आवराआवर करत बसलात, एक शब्द बोलला नाहीत. हळूहळू एकेक प्रिंट मी डावीकडे सरकवायला लागले. बहुतेक फोटोंत माणसं माझ्याकडे बघत नव्हती. मी त्यांच्या थोडी मागे, थोडी उजवीकडे होते. त्यांची मान, खांदा, कानामागचे केस. ती जिकडे बघत होती तिकडे मी भरपूर जागा सोडली होती. इव्हान्सच्या धड्यासाठी काढलेल्या भिंतींतसुद्धा कडेला कुणीतरी पाठमोरं, फ्रेमबाहेर पडण्याच्या बेतात. कुणीही हे करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही ढीग बघितलात आणि म्हणालात, ‘अगं, हे यातल्या कुणाचंच नाहीये.’

मॅडम, त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. एकाचीच नक्कल केली असती तर मला फक्त तो दिसला असता. परस्परांशी अजिबात न पटणाऱ्या माणसांच्या मागे तुम्ही मला पाठवलंत, म्हणून प्रत्येकाचं वजा करून जे उरलं ते मोजता आलं. आता मी पाठमोऱ्या, कशाची तरी वाट बघणाऱ्या माणसांवरच काम करतेय. काच पुष्कळ वेळा सोडून दिली आहे, आणि पूर्वीपेक्षा बरीच जवळ जाते. गंमत म्हणजे मुंकाचीचा तो फोटो परवा पुन्हा काढून बघितला. इतके दिवस त्यात मला धाव दिसत होती, लाट दिसत होती. आता आधी दिसतात त्या तीन पाठी.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत. तुम्ही तीन वर्षांत तुमचे स्वतःचे फोटो आम्हाला कधी दाखवले नाहीत. आम्ही मागे लागायचो, तुम्ही टाळायचात. कारण शेवटच्या वर्षी लक्षात आलं. वर्गाला सगळ्यात जवळचा आवडता फोटोग्राफर तुम्हीच झाला असतात, आणि आम्ही सगळ्यांनी तुमचंच गिरवलं असतं. लिझेट मोडेलच्या वर्गातून डायन आर्बस बाहेर पडली, आणि दोघींचे फोटो समोर ठेवले तर कुणी एकमेकींचे समजणार नाही. मोडेलने नेमकं काय केलं असेल याचा मी कधी कधी विचार करते. कदाचित तुमच्यासारखंच, कपाट आवरत बसली असेल. तुमचं प्रदर्शन शेवटी पाहिलं तेव्हा त्यातली सगळी माणसं थेट कॅमेऱ्यात बघत होती. एकही पाठमोरं नाही. मला इतकं बरं वाटलं!

लायटर मात्र मी सोडलेला नाही. आवडता फोटोग्राफर वेळेवर सोडता आला पाहिजे, असं तुम्ही म्हणता. मला तशी घाई वाटत नाही. त्याच्याकडून घ्यायचं ते घेऊन झालं असेल, नसेलही. पण दमलेल्या दिवशी तेच पुस्तक उघडावंसं वाटतं आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. यावर भेटू तेव्हा भांडू.

पोर्टफोलिओसाठी फोटो निवडायला बसायचंय. गठ्ठा मोठा आहे आणि माझं मन सगळ्यांत अडकलंय, त्यामुळे काढून टाकायला तुम्हीच हव्यात. नावं झाकायची गरज या वेळी पडणार नाही. तुमची सवड कळवा, मी प्रिंट घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी