वीस वर्षांच्या ‘वडिलां’ना आभाराचे पत्र

ब्रनो, चेक प्रजासत्ताक

प्रिय एल्डर,

तुमच्या मॉर्मन पंथात विशीतल्या धर्मप्रचारकालाही ‘एल्डर’, म्हणजे ‘वडील’, म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. गेल्या महिन्यात मी चेक भाषेची ए-२, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा उत्तीर्ण झालो. कायमच्या वास्तव्याचा परवाना मागणाऱ्या परदेशी माणसाला २०२१ च्या सप्टेंबरपासून ही पायरी चढावी लागते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, कारण त्या परीक्षेच्या नमुना प्रश्नपत्रिका माझ्यापेक्षा तुम्हीच अधिक वेळा सोडवल्या होत्या. निकालाचा कागद हाती आला तेव्हा तुम्हाला कळवावेसे वाटले आणि मग लक्षात आले की, मी तुमचे आभार कधी नीट मानलेलेच नाहीत. जवळच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणणे आपल्याकडे परकेपणाचे वाटते, ही सबब आजवर पुरली. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण गुरुवारच्या आपल्या अर्ध्या तासात इंग्रजी बोलायचे नाही असे ठरले होते, आणि चेकमध्ये लिहिले तर तुम्ही आभार बाजूला ठेवून माझी विभक्ती तपासत बसाल.

आपली ओळख २०२३ च्या जानेवारीत, एका संध्याकाळी शालिनाच्या थांब्यावर झाली. (ट्रामला ‘शालिना’ म्हणावे ते ब्रनोकरांनीच, हा शब्द प्रागमध्ये वापरून मी एकदा हसे करून घेतले आहे.) गोठलेल्या फरशीवर माझा पाय सटकला, मी उजव्या हातावर आपटलो आणि डोळे उघडले तेव्हा पांढरे शर्ट, टाय आणि जाड काळे कोट घातलेली दोन पोरे माझ्यावर वाकलेली होती. खरे सांगतो, छातीवरच्या काळ्या पाटीवर येशू ख्रिस्ताचे नाव वाचल्यावर मनगटाइतकीच दुसरी चिंता मला लागली: आता हे दोघे धर्म समजावून सांगणार आणि मला उठून पळताही येणार नाही. तुम्ही मात्र माझी पिशवी उचललीत, तुमच्या जोडीदाराने मफलरची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोघांनीही धर्माचे अवाक्षर काढले नाही.

दवाखान्यातल्या खिडकीमागच्या बाईंना इंग्रजी येत नव्हते, निदान त्या संध्याकाळी तरी येत नव्हते. तुमचे चेक तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचे: अमेरिकेतल्या प्रोव्हो इथल्या, धर्मप्रचारकांच्या प्रशिक्षण केंद्रातले नऊ आठवडे आणि इथले चार महिने. तरीही तुम्ही पुढे झालात आणि विचारलेत, “पोमूझेश नाम?” म्हणजे ‘मदत करशील का आम्हाला?’ साठीच्या बाईंना, पहिल्याच वाक्यात, एकेरीत. त्यानंतर जी शांतता पसरली तिचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. बाईंनी चष्म्यावरून तुमच्याकडे पाहिले आणि ‘पोमूझेते’ एवढाच शब्द उच्चारला. तुम्ही कानापर्यंत लाल झालात, खिशातून छोटी वही काढलीत, ‘पोमूझेते’ लिहून घेतलेत आणि तोच प्रश्न ‘दोब्री देन’पासून, म्हणजे नमस्कारापासून, पुन्हा पहिल्याने विचारलात. बाई हसल्या, आणि माझा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरून दिला. चार वर्षे या देशात राहून, चुकू या भीतीने दुकानातही नुसते बोट दाखवणारा मी हे सगळे पाहत होतो. मनगटाचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. बोलण्याची वाचा मात्र मला त्या खिडकीपाशीच फुटली.

ती वही पुढे मी पुष्कळदा पाहिली. तुमचा दिनक्रमही कळत गेला: साडेसहाला उठायचे, आधी अभ्यास करायचा, जोडीदाराला सोडून कुठेही एकट्याने जायचे नाही, साडेदहाला दिवे मालवायचे. सोमवार कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी फोन करण्याचा. आणि या सगळ्यासाठी महिन्याला ५०० डॉलर स्वतःच्या पदराचे, ज्यासाठी तुम्ही दोन उन्हाळे लोकांची कुंपणे रंगवली होती. उरलेला दिवस पनेलाक म्हणवल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या उंच इमारतींमध्ये घंट्या वाजवण्यात जायचा. बहुतेक दारांत ‘नेमाम झायेम’, म्हणजे ‘मला रस नाही’, हेच ऐकू यायचे. पण नकार देतानाही माणसे शब्द वापरतात, आणि ते शब्द तुम्ही जिन्यात उभे राहून टिपून घेत होता: डावीकडे शब्द, उजवीकडे मजला. चौथ्या मजल्यावर ‘नेरुश्ते’, म्हणजे त्रास देऊ नका. सातव्या मजल्यावर एका आजीबाईंनी दार लावता लावता म्हटलेले ‘नास्तिद्नेते’, म्हणजे सर्दी होईल हो तुम्हाला. त्या शब्दाखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या होत्या.

दारोदार धर्म सांगत फिरणे मला तेव्हा पटत नव्हते, आजही पटत नाही, आणि हे मी तुम्हाला तोंडावर सांगितले होते. ईश्वराशी फारसे देणेघेणे न उरलेल्या या देशात तुमच्या पंथाचे सारे मिळून दोन-अडीच हजार लोक, मग हा खटाटोप कशाला, असेही मी विचारले होते. तुम्ही वाद घातला नाहीत. १९२९ मध्ये तुमच्या लोकांनी इथे मिशन सुरू केले, १९३९ मध्ये नाझी अंमलामुळे परतले, १९४६ मध्ये पुन्हा आले, १९५० मध्ये कम्युनिस्ट राजवटीने त्यांना बाहेर घालवले आणि १९९० मध्ये दार परत उघडले, एवढे सांगून तुम्ही म्हणालात की, मधली चाळीस वर्षे इथल्या मोजक्या माणसांनी जे घरात बसून सांभाळले, त्याच्यापुढे माझे जिने चढणे काहीच नाही. मी गप्प बसलो. त्यानंतर दीड वर्षात तुम्ही मला एकदाच तुमच्या रविवारच्या सभेला बोलावलेत, मी नाही म्हटले, आणि गुरुवार तसाच चालू राहिला.

गुरुवारी तुमचा इंग्रजीचा मोफत वर्ग संपला की आपण अर्धा तास मागे थांबायचो. तुम्हाला चेकच्या सात विभक्तींनी घाम फोडला होता. इथेही मुले त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखतात, हे कळल्यावर मला थेट चिपळूणच्या शाळेतला फळा दिसला. फक्त क्रम सगळा उलटापालटा: त्यांची सातवी म्हणजे आपली तृतीया, त्यांची सहावी आपली सप्तमी, त्यांची दुसरी आपली षष्ठी. ‘कुत्र्याला पाहिले’ पण ‘टेबल पाहिले’, हा सजीव-निर्जीवातला भेद चेकमध्येही आहे, हे मी तुम्हाला मराठीवरून समजावले. बाईने म्हटलेले ‘मी गेले’ आणि पुरुषाने म्हटलेले ‘मी गेलो’ हा फरकही तसाच. पंचवीसला इथे ‘प्येतद्वात्सेत’, म्हणजे ‘पाच-आणि-वीस’, असेही म्हणतात, हे ऐकून मी इतका हरखलो की, तुम्ही काळजीने माझ्याकडे पाहिलेत. उच्चारांत मात्र तुम्ही माझे गुरू. ‘र’ आणि ‘झ’ एकाच वेळी म्हणायला लावणारा तो चेक वर्ण मला अजून नीट जमत नाही; परीक्षेत मी तो शिताफीने टाळला.

तुम्ही दोघे पहिल्यांदा घरी जेवायला आलात तेव्हा सौ. गोंधळून गेली होती. दरडोई बिअर पिण्यात जगात पहिल्या असलेल्या देशात राहून बिअर न पिणारे पाहुणे तिला चालण्यासारखे होते, पण चहासुद्धा नाही म्हणणाऱ्या माणसाचे आगतस्वागत करायचे कसे? शेवटी गावाहून आणलेले कोकम उपयोगी पडले. त्याचा पहिलाच घोट तुमच्या पांढऱ्या शर्टावर सांडला, आणि सोमवार यायला तर चार दिवस होते. मोरीत उभे राहून, बाह्या सरसावून शर्टाला साबण घासणारे तुम्ही माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलेत. “आठवड्यातून एकदाच बोलतात होय आईशी?” हा तिचा पहिला प्रश्न. पाटीवरच्या ‘स्तार्शी’ या शब्दाचा अर्थ ‘वडील’, ‘थोरला’ असा आहे, हे सांगितल्यावर तिने तुम्हाला थोरला करून टाकले आणि तुमच्या जोडीदाराला धाकटा, त्याच्या पाटीवरही थोरलाच लिहिलेले असूनसुद्धा. थोरल्याची बदली ओलोमोउत्सला झाली, हे मी तिला पुढे कित्येक दिवस सांगितले नव्हते.

एक गोष्ट राहून गेली आहे. चेक रिवाजानुसार ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचे तर त्याचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो. मी तो दोनदा मांडून पाहिला. दोन्ही वेळा तुम्ही पाटीवर बोट ठेवून म्हणालात, “थोरला मी आहे, आणि मी अजून विचारलेले नाही.” आता तुमची धर्मप्रचाराची दोन वर्षे संपली, पाटी उतरली, आणि माझ्या हिशेबाने मी पुन्हा तुमच्याहून अठरा वर्षांनी मोठा झालो आहे. तेव्हा हा तिसरा प्रस्ताव, आणि याला नकार चालणार नाही.

थोरल्या, तुझे मनापासून आभार. कोकमाची बाटली पाठवतो आहे. पिताना रंगीत शर्ट घाल.

तुझा,
गुरुवारचा विद्यार्थी