आभाळ भरलं की होडी काठालाच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात उजनी धरणाचा उपयुक्त साठा संपून ते मायनसमध्ये गेलं की पाणी मागे सरतं. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय आणि आर्ली हे पाणपक्षी अंडी घालतात. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) पावसापर्यंत मुक्कामाला असतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुंभारगाव-डिकसळकडे पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. पाहुणे यावेत, चार घरांची चूल त्यांच्यावर चालते. माझी हरकत आहे ती वळवाचं आभाळ डोक्यावर आलेलं असताना होडी सोडायला लावणाऱ्यांना.

परवा दुपारी करमाळ्याच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. वारं पडलेलं, उकाड्यानं जीव नकोसा. होडीवाला पोरगा म्हणाला, "साहेब, थोडं थांबू, वळीव येतोय." साहेबांच्या गळ्यात हातभर लांब लेन्स. "जादा पैसे घे, पण उडते रोहित पाहिजेत." म्हणजे थव्यावर होडी घालायची! पोरगा गेला. सीझन संपत आलेला, नाही कसं म्हणणार? परतला तेव्हा तो डब्यानं होडीतलं पाणी उपसत होता आणि साहेब लेन्स शर्टात गुंडाळून बसले होते. फोटो एकही नाही.

आम्ही काठावर गाडीत बसून दुर्बिणीतून बघत होतो. धुळीचा लोट पाण्यावर आला तशा बेटावरच्या साऱ्या सुरयांनी वाऱ्याकडे चोची केल्या आणि पोटं वाळूला टेकवली. एक सुरय चोचीत मासा धरून वाऱ्याशी झगडत होता. पुढे सरकायचा, पुन्हा मागे ढकलला जायचा. शेवटी पिल्लाच्या चार हातांवर उतरला आणि उरलेलं अंतर चालत गेला. गारा पडायला लागल्या तरी अंड्यांवरची मादी उठली नाही. होडी जवळ आली की मात्र हेच पक्षी उठतात. मग अंडी एक तर उन्हात भाजतात, नाहीतर गारांखाली फुटतात.

२१ मे २०२४ ला कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. तेही याच उजनीचं पाणी. फुगवटा इतका रुंद आहे की वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही, आणि लाटा बघता बघता उठतात. पोहता येणाऱ्याचीही धडगत नसते.

प्रशासनानं एवढं करावं: वादळी वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी दुपारनंतर पर्यटकांच्या होड्या बंद, आणि तसा फलक काठावर. नाही म्हणायचं ओझं त्या पोरावर नको. घरट्यांच्या बेटांवर जूनपर्यंत कुणी उतरू नये. आणि लाइफ जॅकेट भाड्यातच धरावं. परवा त्याचे वेगळे पैसे सांगितल्यावर चौघांत दोनच घेतली गेली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, भिगवण (ता. इंदापूर)