‘भाजून घ्या’ म्हणजे नक्की किती?

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कृतीत नुसतं ‘भाजून घ्या’ लिहितात, पण करायचं काय, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. या एका शब्दात चार-पाच निरनिराळी कामं आहेत. काय भाजतोयस आणि पुढे त्याचं काय करणार, यावरून अर्थ ठरतो.

रव्याचंच बघ. उपम्याला तो मोकळा व्हावा म्हणून भाजायचा. मंद आच, वाटीभर रव्याला 7-8 मिनिटं, रंग बदलू द्यायचा नाही. हाताला हलका लागला, वास सुटला की झाला. शिऱ्याला तोच रवा तुपात, गुलाबीसर होईपर्यंत. उतरवल्यावर लगेच ताटात ओत. गॅस बंद केला तरी तापलेली कढई भाजतच असते. शेंगदाणे हमखास असेच करपतात.

वांगं भाजायचं ते थेट जाळावर. तेलाचा हात लाव, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोच, नाहीतर वाफ कोंडून ते फुटतं. साल काळी ठिक्कर पडून देठापाशी सुरी सहज गेली पाहिजे, कारण कच्चं राहतं ते तिथेच. सोलताना नळाखाली धरू नकोस, भरताचा धुरकट वास वाहून जातो. तुझ्या नेरूळच्या खोलीत इंडक्शन आहे. त्यावर वांगं शिजेल, भाजलं जाणार नाही.

वाटणाचा कांदा ‘भाजायचा’ म्हणतात, पण कढईत तेल घातलं की ते खरं परतणंच. सुकं खोबरं वेगळं भाज. क्षणात काळं होतं आणि सगळा रस्सा कडू. पोळीचं उलट. तवा नीट तापलेला नसला तर फुगायच्या आधीच ती वाळून कडक होते.

चकलीच्या भाजणीला 4 वाट्या तांदूळ, 2 चणाडाळ, 1 उडीद डाळ, पाव वाटी धणे, 2 चमचे जिरे. तांदूळ धुवून सावलीत वाळव. प्रत्येक जिन्नस वेगळा भाज. एकत्र टाकलेस तर जिरं जळेल आणि चणाडाळ कच्ची राहील. इथे हलकंच भाजायचं. जास्त झालं तर पिठाला चिकटपणा राहत नाही, सोऱ्यातून पडतानाच चकली तुटते. थालीपिठाची भाजणी मात्र खमंगच हवी. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर गिरणीत दे.

मुरबाड-शहापूरकडे पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून पेटवतात, त्यालाही राब भाजणंच म्हणतात. तणाचं बी जळतं, राख मातीला मिळते.

आणि ‘माझा हात भाजला’ म्हणायची वेळ आलीच, तर टूथपेस्ट नको, बर्फ नको. 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर. बोटात अंगठी असेल तर लगेच काढ, सूज आली की निघत नाही.

भाजणी करायला घेशील तेव्हा जिरं सगळ्यात शेवटी टाक, गॅस बंद करून, नुसत्या तापलेल्या कढईत.

तुझाच,
मित्र